सागवानी विटा

आप्पा, तुमची मुलगी पन्नाशीला आली आणि खेळण्यातल्या विटा जोडत बसते, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगते. प्लॅस्टिकच्या विटा, रंगीत, वर गोल बटणं असलेल्या, एकीवर एक दाबली की टक् करून बसणाऱ्या. खोका आणायचा, आतल्या पिशव्या फोडायच्या, पुस्तिकेतली चित्रं बघत एकेक पान पुढे जायचं, आणि पंधरा दिवसांत टेबलावर दीपगृह नाहीतर रेल्वे स्टेशन उभं राहतं. पिंपळे सौदागरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक अख्खी भिंत मी असल्या इमारतींनी भरून टाकलीय. तुमचे जावई स्वभावानं गरीब, मला काही बोलत नाहीत, फक्त पाहुणे आले की, "ही आमच्या हिची टाउनशिप, पझेशन अजून दिलेलं नाही," म्हणून सांगतात. आई गेल्या वर्षापासून आमच्याकडेच आहे. ती मात्र तोंडावर बोलते. "येवढी घोडी झाली, अन् खेळत बसतीया." असं म्हणते आणि मग माझ्याच शेजारी बसून पिवळे तुकडे वेगळे करून देते.

वेगळं करणं हेच खरं काम असतं, आप्पा. मोठ्या विटा परातीत, मधल्या पोह्यांच्या ताटल्यांमध्ये, आणि बारीकसारीक तुकडे मसाल्याच्या जुन्या डब्यात, एका वाटीत एक रंग. पुस्तिकेत एक अक्षर नसतं, नुसती चित्रं. तुम्हाला इंग्रजी यायचं नाही पण ड्रॉइंग वाचता यायचं, त्यामुळे हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर जमलं असतं. दोन विटा जोडल्या की मी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवते. कुणी शिकवलं नाही मला ते. तुम्ही दाराची चौकट असो की माझी पाटी, सांध्यावरून असंच नख फिरवायचात, आणि नख जरासं अडलं तरी "न्हाई जमलं" म्हणून पुन्हा कानस घ्यायचात. प्लॅस्टिकच्या विटांवर नख कधीच अडत नाही. तरी मी फिरवते.

तुम्ही फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपला होतात. हल्ली हे लोकांना समजावून सांगावं लागतं. लोखंडाचा पार्ट ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब करतात, त्याभोवती वाळू दाबतात, लाकूड काढून घेतात, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. तो लाकडाचा पार्ट करणारे तुम्ही. शाळेत मी 'वडील सुतार' असं लिहून आले होते, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत, पण हातातला घास ताटात ठेवलात आणि म्हणालात, "पॅटर्न मेकर म्हन. आपलं लाकूड कुनाच्या घरात जात न्हाई, भट्टीपाशी जातं." कासारवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत तुमच्या अंगाला कायम सागवानाच्या भुशाचा वास यायचा. शेजारपाजारच्या सगळ्यांच्या वडिलांना तेलाचा वास यायचा, माझ्याच वडिलांना झाडाचा, आणि मला त्याचा फार तोरा होता. तोरा होता हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सांगायचंय.

मी सहावीत होते. रस्त्यापलीकडच्या बंगल्यांच्या कॉलनीत माझी वर्गातली एक मैत्रीण राहायची. तिच्या मामानं परदेशातून तिला असल्या विटांचा खोका आणला होता. तशी वस्तू आम्ही कुणी पाहिलीच नव्हती. मी तिच्याकडून एक लाल वीट मागून आणली, दोन दिवसांच्या बोलीवर, आणि तुमच्या तळहातावर ठेवली. "अशा करून द्या मला." तुम्ही ती उलटसुलट केलीत. आत बोट घालून बघितलंत. उजेडाकडे धरलीत. नंतर माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीनं मापं घेतलीत आणि सिगारेटच्या पाकिटावर लिहून ठेवलीत. ते पाकीट तुमचं नव्हतं, तुम्ही ओढत नव्हता, शेजाऱ्यांकडून मागून घेतलं होतं. सहा-सात आठवडे तुम्ही जेवणाच्या सुट्टीत आणि रविवारी, पिशवीतली तुमची स्टीलची पट्टी लावून, त्या विटा करत होतात. सागवानाच्या उरलेल्या ढलप्या गेटपास करून आणायचात. वरची बटणं एकेक कातून, सरसानं चिकटवून. रंगही पॅटर्न शॉपचेच, लाल, पिवळा आणि काळा, कारण तेच तीन डबे तुमच्याकडे होते. खंडेनवमीला तुम्ही हत्यारं पुजलीत तेव्हा रंधा, पटाशी, कानस यांच्या रांगेत तो विटांचा डबाही मांडलात. सगळ्यांवर हळद वाहिलीत आणि मग डबा माझ्या हातात दिलात. एका काळ्या विटेवर ती हळद अजून आहे.

त्याच आठवड्यात रविवारी मी डबा घेऊन मैत्रिणीकडे गेले. पाच-सहा मुली होत्या. जमिनीवर तिच्या विटांचा मोठा किल्ला अर्धा उभा होता, आणि मी ऐटीत सांगितलं की उरलेली भिंत माझ्या विटांची. लहान वीट कशीबशी बसली. लांब वीट बसेना. एका टोकाला दाबली की दुसरं टोक उचकायचं. मी गुडघ्यानं दाबली, तेव्हा किल्ल्याचा कोपराच निखळला. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. तिची आई स्वयंपाकघरातून आली, माझी वीट हातात घेतली आणि गोड आवाजात म्हणाली, "छान आहेत गं, पण या वेगळ्या आहेत. तू या घरी खेळ हं."

घरी आले तेव्हा तुम्ही आणि तुमच्या शॉपमधले एक काका चहा पीत बसला होतात. मी डबा तुमच्यासमोर आपटला. काय बोलले ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "तुम्हाला साधं माप घेता येत नाही. मग कंपनीत दिवसभर करता तरी काय?" आईचा हात उठला, तुम्ही तो अडवलात. एक लांब वीट उचललीत, पिशवीतून पट्टी काढलीत, विटेला लावलीत, आणि त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिलात. कानापर्यंत लाल झालेलं मी तुम्हाला तेवढं एकदाच बघितलं. मग म्हणालात, "पट्टी चुकली, पोरी." मी म्हटलं, "पट्टी कधी चुकते का?" काका कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, ती पट्टी कसली हाय ठाव हाय का तुला..." आणि तुम्ही त्यांना थांबवलंत. "ऱ्हाऊ द्या. माप माझं चुकलं. दुसऱ्या करतो." मी म्हटलं, नको. तुम्ही एकदा विचारलंत, मी पुन्हा नको म्हटलं, आणि काकांचा चहा तसाच राहिला.

त्या विटा आईनं टाकल्या नाहीत. गव्हाच्या कोठीला ओल लागायची, म्हणून तिनं चार लांब विटा कोठीखाली सरकवल्या, बाकीच्या डब्यात घालून माळ्यावर. पुढची सगळी वर्षं तुम्ही जेवायला बसलात की समोर ती कोठी असायची. कधी काही बोलला नाहीत. फक्त एकदा मी बघितलंय, बसल्या बसल्या वाकून तुम्ही दोन विटांच्या सांध्यावरून नख फिरवत होतात. मी पाणी प्यायला आले होते. मला बघून तुम्ही हात मागे घेतलात आणि, "जरा वर-खाली झालीया कोठी," असं काहीतरी म्हणालात. कोठी सरळच होती.

तुम्ही गेलात त्यालाही आता पंचवीस-सव्वीस वर्षं होतील. मला नोकरी लागून चारच महिने झाले होते. सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता खाली बसलात ते उठलाच नाहीत. मी त्याच चाकणच्या कंपनीत अजून आहे, क्वालिटीला. कांद्याच्या बाजाराच्या दिवशी बस ट्रकांमागे अडकते, मग मी खिडकीशी बसून पुढचा कुठला खोका घ्यायचा याची चित्रं मोबाइलवर बघते. गेल्या वर्षी आई आमच्याकडे आली तेव्हा सामानात कोठी आली, कोठीबरोबर त्या विटा आल्या, आणि मी त्या पुसून भिंतीवरच्या फळीवर मांडल्या, दीपगृहाच्या शेजारी.

महिन्यातून एकदा आम्ही हे असले खोके जोडणारे सात-आठ जण एकत्र जमतो. बहुतेक माणच्या आयटी ऑफिसांतली तरुण मुलं. या लाकडी विटा कुठल्या म्हणून त्यांनी विचारलं, की मी एक गोष्ट सांगते. मी एकदा भोसरीला एका छोट्या फाउंड्रीत तपासणीला गेले होते. तिथं टेबलावरची पट्टी उचलून मी पार्ट मोजायला लागले, तेवढ्यात एक म्हातारा पॅटर्न मेकर धावत आला. "मॅडम, ती नका घेऊ, ती श्रिंकेजची पट्टी हाय." मग त्यानं सांगितलं. ओतलेलं लोखंड थंड होताना आखडतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच थोडा मोठा करावा लागतो. हिशेब नको म्हणून आमची पट्टीच मोठी असते, फुटाला तीन मिलिमीटरनं. आकडे तेच, रेघा तेवढ्याच, पण प्रत्येक रेघ थोडी लांब. "जन्मभर हातात तीच असती बघा. घरचं काम करायला बसलो तरी हात तिच्यावरच जातो. म्या माप टेपनं घेतलं अन् बायकोला फळी या पट्टीनं करून दिली, ती भिंतीत मावंना. आमच्यात हरेकानं एकदा तरी ही चूक केलीया." आणि तिथं, त्या वाळूत उभी राहून, मला कळलं की माझ्या वडिलांचं माप तंतोतंत होतं. गोष्ट इथं संपते. परवा एकजण म्हणाला, "ताई, काटा आला राव अंगावर."

आज सुट्टी होती. आई दुपारची झोपली होती. मी तुमच्या सगळ्या विटा काढल्या आणि प्लॅस्टिकची एकही न घेता, नुसत्या तुमच्या, एकीवर एक लावून बघितल्या. इतकी वर्षं झाली, ओल खाल्ली, गव्हाचं ओझं खाल्लं, तरी बसल्या. टक् आवाज येत नाही, लाकडाचा बारीक दबका आवाज येतो. चौथऱ्यासकट एक घर झालं, काळं, पिवळं, लाल. सगळ्या सांध्यांवरून नख फिरवलं. एका ठिकाणी अडलं, तिथं हळद होती. मग मात्र मला रडू आलं, आणि रडून झाल्यावर हे लिहायला बसले. पाठवायचं कुठं, तो प्रश्नच नाही. आई उठायच्या आत हे दीपगृहाच्या पुस्तिकेत घडी करून ठेवीन.

पण तुमच्याशी तरी खोटं नको. भोसरीचा म्हातारा खरा, त्याची फळी खरी, पण मला तिथं कळलं हे खरं नाही. मला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी कळलं. वर्कशॉपच्या सरांनी साधी पट्टी आणि श्रिंकेजची पट्टी शेजारी शेजारी ठेवून दाखवली, परीक्षेत दोन मार्कांना येतं म्हणून सांगितलं, आणि मी वहीत उतरवून घेतलं. लिहिता लिहिताच समजलं होतं, सगळं, काकांचा अर्धा राहिलेला चहासुद्धा. तेव्हा तुम्ही होतात. पुढे दोन वर्षांहून जास्त होतात. त्या संध्याकाळी घरी आले तर तुम्ही कोठीला पाठ टेकून चहा घेत होतात. चप्पल काढेपर्यंत मनात वाक्य जुळवत होते. सांगायचं म्हणजे माफी मागायची. वाटलं, उद्या सांगू. तुम्ही नेहमीसारखं विचारलंत, "काय शिकवलं गं आज?" आणि मी म्हटलं, "काही नाही, नेहमीचंच."