सैल स्लीव्ह

३ फेब्रुवारी, सोमवार

दुकान उघडलं. नितेश गेल्यावर पहिल्यांदाच. राजापेठेत तेच हॉर्न, तीच ट्यूशनच्या पोरांची गर्दी — कोणाचं काही अडलेलं नाही! मामाजी शटर वर करायला आले, पण मुलाची रिकामी खुर्ची दिसली आणि ते पायरीवरच थांबले. आत मी एकटीच गेले.

धर्मपालभाऊंची तीनचाकी बॅटरी स्कूटर मधोमध उभी. सीट काढलेली, नवीन वायरिंग बाहेर लोंबतंय. हेच करता करता नितेशनं खुर्चीत मान टाकली होती. सगळ्या जोडांवर काळ्या स्लीव्ह, म्हणजे प्लॅस्टिकच्या नळ्या, सरकवून ठेवल्यात. फक्त हीट गननं गरम करायच्या राहिल्या. बोट लावलं तर नळी अजून वायरवर मागेपुढे होते.

बोट काढून घेतलं. गरम केली की ती जोडाला आवळून बसणार, मग पुन्हा सैल होत नाही. सैल आहे तोवर नितेशचं काम चालू आहे. वेड्यासारखं आहे हे. असू दे.

५ फेब्रुवारी

धर्मपालभाऊ ऑटोनं आले, कुबड्या सांभाळत. स्कूटरनं बडनेरा स्टेशन, तिथून अकोल्याची गाडी, तिथं नोकरी — असा त्यांचा रोजचा रस्ता. महिनाभर त्यांचे हाल चाललेत. आणि तोंडानं एकच — "घाई नाई वहिनी. तुमी पाहा तुमचं." चिडले असते तर बरं वाटलं असतं.

ते गेल्यावर मामाजी म्हणाले, "दुसऱ्या मेकॅनिकले देऊन टाकू. माह्या डोयाले आता बारीक दिसत नाई."

"नाही! मी करीन."

"तुले येते का?"

"शिकवा."

६ फेब्रुवारी

मामाजींनी उभी हयात रेडिओ दुरुस्त केले. शिकवताना आवाज चढतो! "स्लीव्ह पयले वायरमंधी टाकाची, मंग जोड माराचा. इसरली तं काय डोक्यावरून घालशील?" आणि — "मधातून गरम कर. मंग या कडीले, मंग त्या कडीले. हवा निंगून गेली पाह्यजे. एका जागी काऊन धरून राह्यली? गन फिरोत राय!"

भंगारातल्या वायरवर सराव केला. पहिली स्लीव्ह जळून कडक झाली. दुसरी एका बाजूनं फुगली. बोट भाजलं.

८ फेब्रुवारी

आज झकास जोड मारला. सोल्डर चकचकीत, बघत राहावं असा. आणि स्लीव्ह — टेबलावर! मामाजी खो-खो हसले. नितेश गेल्यापासून त्यांचं हसू पहिल्यांदा ऐकलं. हसता हसता म्हणाले, "नितेशबी पयल्या दिवशी असाच..." मी पाणी दिलं.

११ फेब्रुवारी

घरी भेटायला लोक येतातच आहेत. आई प्रत्येकाला तेच सांगतात — "माह्या पोराले काई तरास नाई झाला. बसल्या जागी गेला." सांगताना बघतात माझ्याकडे. मीही त्यालाच धरून आहे. त्रास नाही झाला. एवढं तरी देवानं बरं केलं.

१२ फेब्रुवारी

माहेरून, चांदूर रेल्वेहून, आचलचा फोन. "ताई, बाबा म्हनतात, आता घरी ये." म्हटलं, एक काम राहिलंय.

१४ फेब्रुवारी

केलं.

गन हातात घेऊन बराच वेळ उभीच होते. मग मधून सुरू केलं, हात फिरवत. नळी आक्रसत गेली आणि आतल्या जोडाचा आकार वरून दिसायला लागला. नितेशनं केलेला जोड. शेवटपर्यंत सगळ्या केल्या. एकही जळली नाही, एकही फुगली नाही.

मग बोट लावून पाहिलं. आता हलत नाही. तिथंच बसून रडले, गिऱ्हाइकाची पर्वा न करता.

१५ फेब्रुवारी

आज काही लिहायचं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सीट बसवली. धर्मपालभाऊंनी चावी फिरवली. दिवे लागले, मोटर गप्प!

मामाजींनी मीटर लावायला सांगितला. एकेक जोड तपासत मागं गेलो. दोष सीटखालच्या अगदी शेवटच्या जोडात. "काप," मामाजी म्हणाले. नितेशच्या जोडाला मी ब्लेड लावू? मी नाहीच म्हटलं. धर्मपालभाऊ खाली बघत होते. त्यांच्या कुबडीकडे लक्ष गेलं आणि कापलं.

आत सोल्डरच नव्हतं. तारा नुसत्या पिळून वर स्लीव्ह ओढलेली. शेजारचा उघडला — तोही तसाच. त्याच्या आधीच्यावर सोल्डरचा गोळा एका बाजूला लोंबलेला.

मामाजींनी त्या तारा बोटांनी चाचपल्या. "माहा पोरगा असा जोड ठेवत नसे." पुन्हा चाचपल्या. "त्याचा हातच चालत नसन पोरी."

म्हणजे एकाएकी काही झालं नव्हतं. पुढचे जोड देखणे, मग बिघडत गेलेले, शेवटी सोल्डर करण्याइतकीही ताकद नाही. आणि हा बसून तारा पिळतोय! खिशात फोन. समोर दवाखाना, रस्ता ओलांडला की झालं.

तीनही जोड मी नव्यानं मारले. स्लीव्ह आधी टाकून. मोटर फिरली. धर्मपालभाऊंनी हात जोडले, पण गाडी लवकर हलवली नाही.

घरी येताना ऑटोत मामाजी म्हणाले, "तुह्या सासूले सांगू नको. तेवढ्यावरच जगून राह्यली ते."

१८ फेब्रुवारी

सकाळी आईंनी विचारलं, "त्याचे जोड बराबर निंगाले?"

"सगळे, आई."

आई हळूच म्हणाल्या, "खोटं नको बोलू माय. सकाऊनच छाती धरून बसला होता. म्हनलं, दवाखान्यात चाल. तं म्हने, धर्मपालची गाडी देऊन संध्याकाळी जातो. अन् म्हने, पौर्णिमाले सांगू नको, भेते ते."

मी भीत नव्हते. त्यानं मला विचारायचं तरी!