शमू, तुझी प्रार्थना शुक्रवारी आहे

दुबई, २०१५

प्रिय शमू,

जिवंतपणी तुला कधी पत्र लिहिलं नाही. चौथी शिकलेली बाई आमदाराला काय लिहिणार! पण परवा गावाहून फोन आला, तुला माती देऊनही झाली. माझा पासपोर्ट व्हिसाच्या शिक्क्यासाठी अडकलेला, निघता आलं नाही. आता इथे दुबईत तुझ्यासाठी प्रार्थना ठेवायची म्हणतात, आणि ती शुक्रवारी. तुला विचारल्याशिवाय हो म्हणवेना.

इथे सुट्टी शुक्रवारची. रविवारी माणसं ड्यूटीवर, पोरं शाळेत. म्हणून उपासनाही शुक्रवारी. किती वेळा सांगितलं तुला?

तुझी अख्खी आमदारकी त्या रविवारापायी गेली. दारूची दुकानं रविवारी बंद करायला लावलीस, तेव्हा बायकांनी तुला ओवाळलं. मग तू कुणाचं ऐकेनास. तालुक्याचा आठवडे बाजार रविवारचा. तो प्रभूचा दिवस म्हणून मंगळवारवर नेलास. मजुराला सुट्टी रविवारची, मंगळवारी बाजाराला येणार कोण? भाजीवाल्या माझ्या दारात येऊन बसायच्या. मी तुला बोलले, तर म्हणालास, "अक्का, मतांसाठी आज्ञा मोडू का?"

पुढच्या निवडणुकीत आपल्याच चर्चच्या लोकांनी तुला पाडलं. त्यांचीही भाजी सडलीच होती ना! त्यानंतर तुझ्या ओट्यावर कुणी फिरकेना.

मग मी इकडे मुलाकडे आले, आणि वर्षभरानं तू आलास. नातवाचा बाप्तिस्मा होता. बाळाला तू हातात धरावंस, एवढंच माझं मागणं. तू म्हणालास, देवाचा दिवस इथलं सरकार ठरवत नाही, मी शुक्रवारी यायचा नाही. सात वर्षांची नात म्हणाली, "बट आजोबा, संडेला माझी मॅथ्सची टेस्ट असते." तरी घरीच बसलास.

आम्ही परत आलो, तर तू जेवायचा थांबलेला. मी सगळ्यांदेखत बोलले, "बाजार मोडलास, आता माझं घर मोड." तू जेवलास, ताट धुतलंस, चार दिवसांनी गेलास. नंतर फोन नाही. मीही केला नाही. दोन वर्षं! कडेवर घेऊन वाढवला मीच तुला, हट्ट आणखी कुठून येणार?

त्या चार दिवसांतल्या रविवारी तू हॉलमध्ये एकटाच पवित्र शास्त्र उघडून बसलास. एकटाच गीत म्हणालास, बेसूर. मी आत पापलेट साफ करत होते. दहा मिनिटं शेजारी येऊन बसायला काय झालं होतं मला? आता थकले रे. भांडायलाही कुणी उरलं नाही.

मुलगा विचारतो, "आई, प्रार्थना रविवारी ठेवू? मामाला तेच आवडलं असतं." आवडलं असतं, खरंय. पण येणार कोण? मी आणि खालचा वॉचमन. तुझा तो रिकामा ओटा मी एकदा पाहिलाय, पुन्हा बघवायचा नाही.

म्हणून शुक्रवारीच. चिडायचं तर चीड. पण एवढा शब्द देते: पाळकांनी शेवटचं आमेन म्हणायच्या आधी मी उभी राहीन आणि सगळ्यांना सांगेन, माझ्या भावाला हा वार मान्य नव्हता, त्याचा विरोध लिहून घ्या.

तुझी,
अक्का