यशोधनचा उरलेला सीझन

१२ जून २००६

क्रिकेट क्लबच्या कमिटीची मीटिंग. सगळा वेळ एकाच माणसावर गेला. शेजारच्या गावातल्या क्लबने भारतातून बोलावलेला पगारी बोलर — यशोधन, नागपूरचा, डावखुरा फास्ट. मागच्या वर्षी त्याने लीगमधल्या भल्याभल्यांना रडवलं. यंदा नुसते वाइड आणि नो-बॉल. त्यांना तो नकोय. आपण घ्यायचा तर उरलेल्या सीझनचा पगार, खोलीचं भाडं, परतीचं तिकीट — सगळं आपल्या गळ्यात. आणि पैसे आहेत ते पॅव्हिलियनच्या गळक्या छपरासाठी.

चेअरमन कीथ मला म्हणाला, तू भेटून ये, तुझ्याशी तो मोकळेपणाने बोलेल. कमिटीत मी एकटाच भारतीय. मान मिळाल्यासारखं वाटलं.

१४ जून

ऑफिसमधून थेट त्याच्या खोलीवर. सकाळी घरून निघतानाच निवेदिताने वरणभाताचा डबा दिला होता, वर लिंबाचं लोणचं. मराठी माणूस जवळच राहतो असं कळलं, सहज आलो — असं म्हणालो. कमिटीचं नाव काढलं नाही.

पोटभर जेवला. मग बोलायला लागला. एप्रिलमध्ये, तो इथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत, वडील गेले. परत गेला असता तर करार मोडला असता. धाकट्या भावाने अग्नी दिला. तेव्हापासून चेंडू सोडायच्या क्षणी बोटं उघडतच नाहीत म्हणाला.

"इथे कोणाला माहीत नाही. तू पण सांगू नको, दादा. कीव येऊन ठेवलेला बोलर नाही व्हायचं मला."

नाही सांगणार, म्हणालो.

१५ जून

सावरेल तो. थोडा वेळ द्यायला हवा, बस. मीटिंगमध्ये एवढंच सांगायचं.

१९ जून

नाही सांगितलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. घ्या म्हणालो आणि तो फुकट गेला तर? छप्पर माझ्यामुळे राहिलं म्हणतील. 'तुझा माणूस' म्हणतील. एवढंच डोक्यात. कीथने विचारलं, काय वाटतं तुला? — आणि मी वडिलांचं सांगून टाकलं! वर म्हणालो, मनाने खचलाय, यंदा त्याच्याकडून काही होणार नाही.

कोणीतरी हळूच 'पुअर चॅप' म्हणालं. मग मतं घेतली. त्याला घ्यावं म्हणून हात वर केला एकट्या कीथने. माझे दोन्ही हात मांडीवर.

२१ जून

यशोधनचा फोन. नकार कळला होता त्याला. मी आश्चर्य वाटल्याचं नाटक केलं. पैशांची अडचण असेल, म्हणालो.

"असेल," म्हणाला.

शनिवारी निघतोय नागपूरला. वहिनींना सांग, लोणचं छान होतं, म्हणाला.

२२ जून

निवेदिताने विचारलं, तू बोललास ना त्याच्या बाजूने? मी हो म्हणालो.

२५ जून

काल मॅचनंतर कीथ बोलता बोलता म्हणाला, तू भेटायला जायच्या आदल्या दिवशीच मी यशोधनला फोन केला होता — कमिटीचा माणूस येतोय, तो सांगेल त्यावर ठरेल.

म्हणजे मी 'सहज आलो' म्हणालो तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. तरी त्याने मला आत घेतलं, आणि वडिलांचं सांगितलं.