बास्ता, बाश आणि बास

२ सप्टेंबर २००७, रविवार
आजपासून इटालियन शिकायचं. शशिकांतची कंपनी त्याला नोएडाहून उचलून इटलीत तोरीनोला पाठवतेय, डिसेंबरात. सून देविका जाणार, नात सृष्टी जाणार. मी जाणार हे वेगळं कोण कशाला सांगेल? चौथीपर्यंत शिकले, पण दिल्लीत आल्या आल्या हिंदीत भाजीवाल्यांना घाम फोडला होता. इटालियन काय चीज आहे.

५ सप्टेंबर
सृष्टीने आकडे शिकवले. सात म्हणजे सेत्ते, आठ म्हणजे ओत्तो. आपलेच आकडे, जरा तूप घालून. आजीला नोन्ना म्हणतात. पुरे म्हणायचं तर बास्ता. आपलं बासच की! या भाषेचं नि माझं गोत्र एक. सृष्टीला म्हटलं, तोरीनोच्या बाजारात तुझ्या आईला बोलताच येणार नाही, मीच बोलेन. पोरगी खिडकीबाहेर बघत बसली. हल्ली अभ्यासात लक्ष नाही.

१६ सप्टेंबर, दुपारी
सृष्टीचा कॉलेजातला मित्र आला. दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन राहतो. इराकचा, पण कुर्द. नाव काय, तर आराम! म्हटलं, काम कधी करतोस? हसला. दात बरे आहेत.
घरी आईशी फोनवर त्याच्या भाषेत बोलला. ऐकून घेतलं. इटालियन म्हणजे गरम जिलेबी. कुर्दी म्हणजे घशात अडकलेला भाताचा घास. सात म्हणजे हौत, आठ म्हणजे हश्त. कुठे सेत्ते आणि कुठे हौत! नावाला मात्र नावच म्हणतात म्हणे. शब्द उचलला असणार आपल्याकडून.
जाताना सगळ्या खोल्या बघून गेला. आजी कुठे झोपतात, विचारलं. आगाऊ.

३ ऑक्टोबर
प्लंबर आला. बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा बसवला. गीझरही नवा. सोडून जायच्या घरात दांडा कशाला? देविका म्हणाली, आई, असू द्या. बरोबर आहे. भाडेकरू ठेवायचे तर सोयी लागतात. सून दिसते त्यापेक्षा हुशार.

१४ ऑक्टोबर
समोरच्या टॉवरमधल्या इंदुमती येऊन बसल्या. मुलगा अमेरिकेत, ही बया एकटी, दिवसभर लिफ्टचा आवाज ऐकत. म्हणाल्या, अलकाताई, तुमच्या पासपोर्टचं काय झालं हो? म्हटलं, शशिकांत बघतोय. म्हणाल्या, आमचाही बघतच होता. अशा बायकांजवळ फार बसू नये. चहा अर्धा दिला.
नवा नियम: रोज पाच शब्द. आज दोनच झाले. पाय दुखत होते.

२८ ऑक्टोबर
थंडीचे कोट आणले. शशिकांतचा, देविकाचा, सृष्टीचा. माझा मापाचा मिळाला नसेल. दुकानांत हल्ली सगळं काठ्यांच्या मापाचं असतं.
मी खोलीत शिरले की हल्ली तिघं इटालियनमध्ये बोलतात. माझी प्रॅक्टिस व्हावी म्हणून. आज 'नोन्ना' तीनदा आलं. बाकीचं कळलं नाही, फार भरभर बोलतात.

९ नोव्हेंबर, दिवाळी
आराम मिठाई घेऊन आला. सृष्टी त्याला मराठी शिकवतेय. दाराआडून ऐकलं. मला वाटलं, प्रेमाबिमाचं काही असेल. तर हा घोकतोय, औषध घेतलं का, आजी? पडलात का? कुठे दुखतंय? ही काय प्रेमाची भाषा! हात पिवळे करायला निघालेत की पट्ट्या बांधायला? सृष्टीला सांगितलं, कुर्द नको, तोरीनोला एखादा बघू. ती गळ्यात पडून रडली. म्हणजे होतंच काहीतरी. वेळीच पकडलं.

२५ नोव्हेंबर
फोनच्या वर भिंतीवर शशिकांतने हॉस्पिटलचा, गॅसचा आणि इंदुमतींचा नंबर हाताएवढ्या अक्षरांत लिहून लावलाय. भाडेकरू म्हातारे असतील.

२ डिसेंबर, रविवार
शशिकांत समोर बसला. पंख्याकडे बघत बोलला. आई, तीन वर्षांचाच प्रश्न आहे. तिकडची थंडी तुला सोसणार नाही. तू इथेच राहा, तुझ्याच खोलीत. बाकीच्या खोल्यांत आराम आणि त्याची आई. तिचं हृदयाचं ऑपरेशन आहे इथे, पुढे बरेच महिने राहावं लागेल. मुलगा चांगला आहे, तुला सोबत.
म्हटलं, बास्ता.
मग उठून कुकर लावला. शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळ करपली.
सध्यापुरतंच आहे हे. होळीनंतर व्हिसाचं बघतो म्हणालाय. रोज पाच शब्दांचा नियम चालू ठेवायचा.

१५ डिसेंबर
गेले. विमानतळ इथून लांब, पण विमानं आमच्या गच्चीवरूनच जातात. दुपारभर बरीच गेली. एकालाही हात केला नाही, त्यात कोण बसलंय काय सांगावं. चादरी धुऊन वाळत घातल्या.

२२ डिसेंबर
परवा आरामची आई आली. नसरीन. माझ्यापेक्षा लहान असेल, पण श्वास माझ्यापेक्षा म्हातारा. हिंदी नाही, इंग्रजी नाही. आधी चवीपुरता वरण-भात वाढला. एक घास घेऊन म्हणाली, बाश. मी लगेच पातेलं उचललं. पुरे म्हणतेय तर पुरे. ती रिकाम्या ताटाकडे बघत राहिली.
रात्रीही तेच. बाश म्हणाली, मी पातेलं उचललं. दोन दिवस बाई अर्धपोटी निजली. आज आराम हसत म्हणाला, आजी, बाश म्हणजे छान.
आपलं बास, इटलीचं बास्ता, दोन्हींचा अर्थ पुरे. कुर्दांचं बाश म्हणजे छान. कसली उलटी भाषा! आज तिला दोनदा वाढलं. ती बाश बाश करत होती, मी वाढत होते. वरण संपलं.

६ जानेवारी २००८
आराम आईला तपासायला हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. मंगळवारी बाथरूममध्ये तो दांडा धरला होता. बरा बसवलाय. घर गप्प आहे. इंदुमतींकडच्या लिफ्टचा आवाज इथे येत नाही असं वाटायचं. येतो.

१३ जानेवारी, संध्याकाळी
सृष्टीचा तोरीनोहून फोन. महिन्यात पहिलाच. एक वाक्य मी इटालियनमध्ये तयार ठेवलं होतं: मी बरी आहे, होळीनंतर येते. घोकून घोकून पाठ. तिने विचारलं, आजी, कशी आहेस? सगळं ठीक? आणि माझ्या डोक्यातून इटली साफ गेली. तोंडातून एवढंच आलं, बाश.
पलीकडून ती म्हणाली, बरं आजी, नको तर नको बोलूस.
आणि फोन ठेवला.