सगळ्यांत बाबाही?

४ फेब्रुवारी २०२४, रविवार, अहमदपूर

आज चर्चमध्ये चक्क भांडण! नांदेडहून आलेले दयानंद ब्रदर म्हणाले — शेवटी सगळ्यांचंच तारण होणार, देव एकालाही कायमचं टाकत नाही. आमचे आनंदराज पाळक मध्येच उठले. "मग पश्चात्ताप कशाला करायचा? पस्तीस वर्षं मी इथं काय करून राहिलो?"

मला मात्र हलकं वाटलं. बाबांमुळं. मी सहा वर्षांची होते तेव्हा बाबा आम्हाला टाकून उमरीला गेले. देवाला मानतच नव्हते.

घरी आईनं ताट सरकवलं. "सगळे म्हंजे तुझा बापबी?"

"हाव."

"मग मला नको तो स्वर्ग!"

६ फेब्रुवारी

बाबांच्या शेजाऱ्याचा फोन. त्यांना नांदेडच्या दवाखान्यात ठेवलंय. लिव्हर गेलं, थोडेच दिवस. आईला सांगितलं. भाकरी थापत राहिली.

७ फेब्रुवारी

पाळकांना विचारलं. "मरायच्या आत त्यानं तोंडानं कबूल केलं पाहिजे, बाई. नंतर काही नाही."

दयानंद ब्रदरना फोन लावला. "देवाला घाई नसते, ताई."

दोघंही बायबलचीच वचनं सांगतात! दोघांचंही पटतं. काय करू?

९ फेब्रुवारी

एकटीच नांदेडला जाऊन आले. बाबा पिवळे, वाळलेले. तीस वर्षांनी — आणि मला लगेच ओळखलं! म्हटलं, बाबा, एकदा देवाची माफी मागा. तर म्हणाले, "त्याचं न् माझं आम्ही बघून घेऊ. सरजा कशी हाय?"

आईचं नाव घ्यायला लाज नाही! बसमध्ये बसले तेव्हा वाटलं, पाळकांचंच खरं. वाटेत लोहा गाव आलं तेव्हा वाटलं — पण कायमचं? कायमचं म्हणजे किती! अहमदपूर आलं तरी काही ठरेना.

१० फेब्रुवारी

वर्गात हजेरी दोनदा घेतली. पोरं हसली.

१२ फेब्रुवारी

सकाळी आई नवं लुगडं नेसून तयार. "चल नांदेडला." दवाखान्यात मला बाहेर काढलं. दाराच्या काचेतून दिसत होतं — आई हात जोडून बोलत होती. आई! बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

१४ फेब्रुवारी

बाबा काल गेले. आज उमरीला माती झाली. परतताना आई म्हणाली, "तो आपल्याला टाकून गेला नव्हता गं. चर्चला येत न्हाई म्हणून मीच हाकलला. दोनदा तुला बघाया आला, मी भेटू दिलं न्हाई. त्यानं माफ केलं... देव करंल का?"