मी ‘जाते’ म्हणणार नाही

३ फेब्रुवारी १९५९, मंगळवार
कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर पाच महिने झाले. हा महिना संपला की उमेदवारी संपते, मग कायम. नाही झाले तर परत निपाणी, आणि आत्याने जमवून ठेवलेली स्थळं. दादाला म्हटलं, कायम झाले की इथेच मल्लेश्वरममध्ये, तुझ्या डोक्यावर. वहिनी म्हणाली, "बस की, डोकं रिकामंच आहे त्यांचं."

७ फेब्रु., शनि.
गद्रे साहेबांचा इंग्रजीचा वर्ग. (इथून पुढे नुसतं ग. सा. शाई महाग झाली आहे.) आमच्या ऑफिसचे मुख्य. माणूस पुण्याचा, दोन वर्षं विलायतेत राहून आलेला, मराठी विसरल्याचं सोंग उत्तम वठवतो. तोंडासमोर तळहात धरून सगळ्यांकडून ‘व्हेरी वेल’ म्हणवून घेतलं. ‘वेल’ला ओठांचा चंबू हवा. माझा होईना. स्टोअरच्या कारकुनाने विचारलं, ‘वेन्सडे’तला डी जातो कुठे? ग. सा. म्हणे, तो फक्त लिहायचा. आणि नाव विचारताना ‘गुड नेम’ म्हणायचं नाही. मी विचारलं, मग वडीलधाऱ्या माणसाला नाव विचारायचं कसं, पोलिसासारखं? सगळे हसले. ग. सा. सोडून.

१० फेब्रु., मंगळ.
घोटाळा झाला. काल परदेशी इंजिनिअर साहेबांचा मद्रासचा ट्रंक कॉल लागेना. पाचला माझी पाळी संपली. त्यांना फोनवर सांगितलं, लाइन बंद आहे, आज काही होत नाही. आणि शेवटी, सवयीने, "आय विल कम, सर."
निघताना ‘जाते’ कोण म्हणतं? त्या शब्दासाठी आईने लहानपणी पाठीत धपाटा घातला होता. ‘येते’ म्हणायचं, बस्स. पण साहेबांना ते कसं कळणार? मी कॉलचं सांगायला त्यांच्या खोलीत येणार, म्हणून बिचारे बसून राहिले. कारखान्याची शेवटची बस गेली. यशवंतपूरपर्यंत पायी.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. जेवणाच्या सुट्टीत जाऊन माफी मागितली, कारणही सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, बूट नवे होते. राग काही गेला नव्हता.

१३ फेब्रु., शुक्र.
ग. सा. नी बोलावलं. टाइप केलेला कागद तयारच. माझं इंग्रजी या कामाला अपुरं आहे हे मला मान्य, सबब उमेदवारी सहा महिने वाढवावी. खाली माझ्या सहीसाठी ठिपक्यांची ओळ.
मी मराठीत बोलले. मुद्दाम. "साहेबांची माफी मागितली आहे. हवी तर लेखी देते. पण पाच महिन्यांत एक कॉल चुकीच्या ठिकाणी जोडला नाही मी. अपुरं म्हणून सही करणार नाही."
"युअर इंग्लिश इज मराठी, मिस पोतदार."
"तुमच्या आई घरातून निघताना काय म्हणतात हो?"
कान लाल. मग, "दॅट इज नॉट द पॉइंट." महिनाअखेरपर्यंत मुदत.
 

१६ फेब्रु., सोम.
दादा: "एक सही तर आहे. सहा महिने बघता बघता जातील." जातील रे. कागद फायलीतच राहील. उद्या बढतीची वेळ आली की पहिला तोच बाहेर काढतील.
बोर्डावर माझ्या शेजारी बसणाऱ्या सरोजाक्काही तेच, कानडीत. "सही माडिबिडम्मा, येनू आगल्ला." करून टाक, काही होत नाही. आणि स्वतः रोज संध्याकाळी उठताना म्हणतात काय, तर "बर्तीनि". येते! मी ते दाखवून दिलं तर म्हणाल्या, मी साहेबाला कुठे म्हणते?
बरोबर आहे. तेवढी चूक माझी.

२१ फेब्रु., शनि.
वर्गाला गेले, पहिल्या बाकावर बसले. चंबू जमला एकदाचा! शिकायला माझी ना कधीच नव्हती. परदेशी माणसाला यापुढे ‘गुड नाइट’ म्हणेन, तो त्यांचा रिवाज. पण घरात, बसमध्ये, सरोजाक्कांना ‘जाते’ म्हणणार नाही. आणि मला काही येत नाही असं तर मुळीच लिहून देणार नाही. अडलं माझं खेटर.

२७ फेब्रु., शुक्र.
ग. सा. चा कागद सही न करता परत केला. सोबत माझं पत्र, इंग्रजीत, चार ओळी. चूक झाली, दिलगीर आहे, पुन्हा होणार नाही. माझं इंग्रजी माझ्या कामाला पुरेसं आहे. कॉलची वही तपासावी. खाली ठसठशीत सही.
त्यांनी वाचता वाचता लाल पेन्सिल उचलली. शेवटपर्यंत गेले. काही सापडेना. ठेवली.

२ मार्च, सोम.
मुदत शनिवारी संपली. कायम केल्याचं पत्र नाही, घरी बसा असंही नाही. दादा म्हणाला, पत्र येईपर्यंत जाऊ नको, सगळ्यांसमोर उठवलं तर?
आठला बोर्डावर बसले. हेडफोन चढवला. सरोजाक्का बघतच राहिल्या. ज्याचा फोन येतो त्याच्या नंबराची झाकणी पडते. आज पहिली पडली ती ग. सा. ची.
"नंबर प्लीज."
आवाज ओळखला त्यांनी.  मग नंबर सांगितला. मी जोडून दिला.
पाचपर्यंत कोणी ऊठ म्हणायला आलं नाही. उद्या आलं तर सांगेन, लेखी आणा. तोवर खुर्ची माझी.