खापरपणजोबांच्या शेजारची जागा

आई,

तुमच्याकडे मधलं नाव वडिलांचं नसतं. इतकी साधी गोष्ट. इलिनॉयमध्ये इतकी वर्षं काढल्यावर ती मला माहीत नव्हती असं म्हणता येणार नाही. माहीत होती. ज्या दिवशी लागली त्या दिवशी आठवली नाही.

तुम्हाला मी कधी आई म्हटलं नाही. नावाने हाक मार, असं तुम्हीच सांगितलं होतं, आणि सासूला नावाने हाक मारायला जीभ वळेना, म्हणून पहिलं वर्षभर मी नुसती समोर येऊन उभी राहायचे, तुम्ही वर बघेपर्यंत. "मांजरासारखी येतेस," तुम्ही म्हणायचात. "गळ्यात घंटा बांधीन एक दिवस." तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली. आज तुम्हाला वाचता न येणाऱ्या भाषेत आई म्हणते आहे.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. खिडकीला टेकलेलं मक्याचं शेत, टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात कागद. शॉमबर्गहून दोन तास गाडी चालवत मी शनिवारी यायचे आणि आपण ते कागद पसरायचो. तुम्हाला एकच हवं होतं, पुरण्यासाठी जागा. नवरा सोडून गेला तेव्हा त्याच्या घराण्याची दफनभूमीतली ओळही गेली. "जिवंतपणी ज्यांनी मला धरलं नाही, त्यांच्यात मेल्यावर कशाला झोपू? माझ्या माणसांजवळ ठेवा मला." पण तुमची माणसं कामामागे गावं बदलत गेली होती, एकेकटी कुठेकुठे पुरली गेली होती. डब्यात सगळ्यात जुना कागद तुमच्या पणजोबांच्या लग्नाचा होता. त्यांचा बाप कोण, कुठे पुरलेला, हे कुणाला ठाऊक नव्हतं. सुरुवात जिथे झाली तिथे जायचं, असं तुम्ही ठरवलं होतं.

मी ते काम घेतलं. न जुळणाऱ्या नोंदी जुळवणं हीच माझी नोकरी. त्या कागदावर तीन शब्दांचं नाव होतं आणि ते मी लहानपणापासून शाळेच्या हजेरीत, रेशन कार्डावर वाचत आले तसं वाचलं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. विचार करून वाचलं नाही. मग ते मधलं नाव आणि तेच आडनाव असलेला माणूस शोधू लागले, आणि तो शेजारच्या काउंटीत सापडला. जुन्या जनगणनेत तो शेतकरी होता, बायको होती, बरोबर त्या वयाचा, पणजोबांच्याच नावाचा मुलगा होता. सोयाबीनच्या शेतांमधल्या एका उंचवट्यावर त्याचा दगडही होता. सगळं जुळलं. जुळलेलं मी पुन्हा तपासलं नाही. ऑफिसात मी असं कधी केलं नसतं.

वंशावळीचा तक्ता काढून आणला तेव्हा तुमचं बोट मधल्या नावावर थांबलं. "नक्की?"

"नक्की."

"तू म्हणतेस तर."

माझ्या मुलीच्या नावात मधे मी तिच्या वडिलांचं नाव घातलं तेव्हा तुम्ही हसला होतात. पोरीला पुरुषाचं नाव, बिचारी. आमच्यात असंच, असं मी सांगितलं होतं. म्हणजे आमची पद्धत तुम्हाला माहीत होती. तक्ता बघताना तुम्ही चूक ओळखलीत आणि बोलला नाहीत, असं समजलं तर मला सोपं जाईल. म्हणून तसं समजत नाही.

त्या उंचवट्यावर नोव्हेंबरचा वारा आहे. तुम्ही हातमोजा काढता, उघडा तळहात दगडावर ठेवता. "इथे होतास होय," म्हणता. शेजारची जागा तुम्ही त्याच आठवड्यात घेतली. पुढच्या हिवाळ्यात आम्ही तुम्हाला तिथे ठेवलं.

दर मे महिन्याच्या शेवटी आम्ही येतो. तुमचा मुलगा जिरेनियम लावतो. यंदा तो नळावर गेला असताना तुमच्या नातीने त्या शेतकरी म्हाताऱ्याच्या दगडापलीकडचं गवत उचकटलं. खाली वीतभर दगड होता, जमिनीत खचलेला. तिने ओल्या हाताने अक्षरं पुसली.

"मॉम, हा तोच ना? चार्टवरचा?"

तोच. आई-बापाच्या नावांसकट. ज्याला मी तुमचा पणजोबा ठरवलं, तो नवव्या वर्षी गेला होता.

"मग हा म्हातारा आपला कसा? तुला कोणी सांगितलं?"

मी मधल्या नावाचं सांगितलं. ती म्हणाली, "ते फक्त माझ्या नावात असतं, मॉम. कारण तू ठेवलंस." मग हळूच, "डॅडला सांगणार?"

मी गवताचा तुकडा परत त्या दगडावर बसवला आणि बुटाने दाबला. तुमचा मुलगा बादली घेऊन आला. "इथलं उपटलं गेलंय का?" म्हणाला, आणि त्यावरही पाणी घातलं. "रुजेल परत." मी हो म्हटलं.

त्यानंतर सगळं नव्याने शोधलं. मधलं नाव एखाद्या पाद्र्याचं असेल, त्यांच्या आईच्या माहेरचं आडनाव असेल. तुमच्या पणजोबांचा बाप सापडत नाही. सापडेल असं वाटत नाही. सापडला तरी तुम्हाला कसं हलवू, कुणाला काय सांगून? परक्या लोकांत झोपायचं नाही, एवढंच तुम्ही मागितलं होतं.

हे पत्र तुमच्या डब्यात ठेवावं म्हणून डबा काढला. तो आता तुमच्या मुलाच्या कपाटात असतो. त्याला मराठी वाचता येत नाही. तरी ठेवलं नाही.